पाटीमागचं झाकण

कुठलंही यंत्र दिसलं की साळवेकाका आधी त्याचं झाकण उघडून बघत. लग्नाच्या हॉलमधला पाण्याचा कूलरही त्यांनी सोडला नव्हता. "झाकण उघडत नसेल ना, तर ते यंत्र नव्हे रे, डबा," असं ते म्हणत. भांडुपच्या आमच्या कारखान्यात पाणी शुद्ध करणारी यंत्रं बनत. ती जोडायला मी त्यांच्याच हाताखाली शिकलो.

त्यातलं एक यंत्र आपल्या सरकारने आफ्रिकेतल्या एका खेड्याला भेट दिलं आणि ते बसवायला काकांना पाठवायचं ठरलं. काका राहायचे टेकडीवरच्या वस्तीत. तिथे पाणी कॅनमधून वर न्यावं लागे. शेजारी चिडवायचे, "घरात नाही प्यायला आणि निघाले जगाला पाजायला!" काका म्हणायचे, "ज्याला तहान ठाऊक, त्यानंच द्यावं ना पाणी." मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला.

घोटाळा झाला तो उद्घाटनाच्या दिवशी. दोन्ही देशांचे झेंडे कोरलेली पितळी पाटी फोटोत नीट यावी म्हणून काकांबरोबर आलेल्या सरकारी साहेबांनी ती समोरच, झाकणावरून आडवी ठोकायला लावली. रिव्हेट मारले काकांनीच. "आयुष्यात एकदा साहेबाचं ऐकलं, आणि वाट लागली," परतल्यावर ते म्हणाले.

वर्षभराने आतली गाळणी तुंबली, आणि पाटीमुळे झाकण उघडेना. यंत्र सांभाळणाऱ्या अमीनाचा फोन आला. काका मोडक्यातोडक्या इंग्रजीत ओरडले, "पाटी तोड! आधी पाणी सुरू कर!"

"तुमच्या देशाचा झेंडा आहे सर त्यावर," ती म्हणाली. "तुमच्या सरकारचं पत्र आल्याशिवाय इथले अधिकारी हात लावू देत नाहीत."

त्या एका ओळीच्या पत्रासाठी काकांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. यंत्र त्या देशाच्या ताब्यात दिलंय, आपला विषय संपला, एवढंच उत्तर मिळे. निवृत्त झाल्यावरही ते जात राहिले. शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा मला म्हणाले, "लोकं परत ओढ्याचं पाणी पितायत रे. झाकण मीच बंद करून आलो." मला त्यांची समजूत घालता आली नाही, कारण ते खरंच होतं.

ते गेल्याचं मी अमीनाला कळवलं. दुसऱ्या दिवशी तिने फोटो पाठवला. काकांच्या आठवणीसाठी तिने ती पाटी घासूनपुसून लख्ख केली होती, वर फुलं ठेवली होती. खाली नळापाशी एकही भांडं नव्हतं.