गॅलरीतले साहेब

"वर या."

गॅलरीच्या कठड्यावर एक हात, दुसऱ्या हाताची दोन बोटं किंचित हललेली, आणि हे दोनच शब्द. खाली कुरिअरवाला असो, लग्नाची पत्रिका घेऊन आलेली मंडळी असोत नाहीतर मत मागायला आलेला उमेदवार, साहेब कुणासाठी जिना उतरायचे नाहीत. दूधवाल्यासाठी त्यांनी दोरीला पिशवी बांधून ठेवली होती. ती खाली यायची, साहेब नाही.

ते कुठल्याशा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. खुर्ची कचेरीत राहिली, पण तिच्यात बसायची पद्धत ते घरी घेऊन आले. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या कसबा बावड्यात त्यांना सगळे साहेबच म्हणायचे, आणि कुणी विसरलं तर ते स्वतः आठवण करून द्यायचे.

माझा धंदा मांडव आणि स्पीकरचा. गणपतीत माझ्यामुळे लोकांच्या खिडक्या थरथरतात आणि मला शिव्या बसतात. नाताळात मात्र साहेबांच्या चर्चमधल्या नाटकाचे माइक आणि दिवे माझ्याकडे असत. तिथली कमिटी आमच्या मंडळांपेक्षा वेगळी नव्हती. पहिली मेणबत्ती कुणी पेटवायची यावर रुसवेफुगवे व्हायचे. दारातल्या फ्लेक्सवर बाळ येशू एका कोपऱ्यात आणि कमिटीचे चेहरे त्याच्याहून मोठे. मी ते बोलून दाखवलं, तर अध्यक्ष म्हणाले, "बाळ लहानच असतंय की ओ."

साहेबांचं नाटकातलं काम ठरलेलं होतं, आकाशवाणीचं. चर्चच्या वरच्या सज्जात खुर्ची टाकून, कॉलरला माइक लावून ते जाहीर करायचे, की परमेश्वर आपलं सिंहासन सोडून माणूस झाला आणि गोठ्यात जन्माला आला. ऐकून अंगावर काटा यायचा. "आवाज जरा घुमू दे," ते मला दरवर्षी बजावायचे. "देव बोलतोय, भाजीवाला नव्हे."

आणि याच माणसाला गोठ्याचं वावडं होतं. त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं गडमुडशिंगीच्या, म्हशी राखणाऱ्या घरातल्या मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा हिंदू. लोकांना वाटायचं, साहेब धर्मावरून रुसलेत. मी एकदा धीर करून विषय काढला.

"धर्माचं मी समजून घेईन हो," ते म्हणाले. "पण म्हशी? माझ्या व्याह्यांच्या दारात शेण असतं."

"पण साहेब, तुम्हीच तर सांगता, देव गोठ्यात जन्मला."

"ते बेथलेहेममध्ये," साहेब म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

दर नाताळला लेक नवऱ्याला घेऊन यायची आणि फाटकात उभी राहायची. साहेब गॅलरीतून म्हणायचे, "तू वर ये." जोर 'तू'वर. ती म्हणायची, "आम्ही दोघं हाय, पप्पा. तुम्ही खाली या." मग बराच वेळ कुणीच हलायचं नाही. जावई मोटारसायकलच्या आरशात बघत उभा. शेवटी दोरीची पिशवी खाली यायची, तिच्यात केक. लेक केक काढून घ्यायची, पिशवीत करंज्यांचा डबा ठेवायची, पिशवी वर जायची. साहेबांची बायको कधीच वारली होती. त्या करंज्या ते एकटे बसून खायचे. मला त्या पिशवीचा भयंकर राग यायचा.

मग लेकीला मुलगी झाली. साहेबांनी नात पाहिली तीही गॅलरीतूनच, पिवळ्या दुपट्यात गुंडाळलेली.

त्या वर्षी कमिटीला हुक्की आली, की गव्हाणीत प्लॅस्टिकचा बाहुला नको, खरं बाळ हवं. तेवढं लहान बाळ एकच होतं, साहेबांची नात. येशू म्हणून मुलगी चालेल का यावर खल झाला आणि "दुपट्यात काय कळतंय," असा निकाल लागला. साहेबांना सांगायचं धाडस कुणी केलं नाही. गव्हाणीतलं गवत मी जावयाच्या गोठ्यातूनच टेम्पोत घालून आणलं. त्याला थोडं शेण होतं, ते मी राहू दिलं.

नाताळच्या संध्याकाळी चर्च गच्च भरलं होतं. आकाशवाणी सुरू झाली, घुमली, आणि तिनंच बाळ दचकलं. जे रडायला लागलं ते थांबेना. मरिया झालेली कॉलेजातली पोरगी भांबावली. साहेब बोलायचे थांबले, कठड्यावरून वाकले, आणि त्यांना पिवळं दुपटं दिसलं.

"कुणाचं बाळ आहे ते?" आकाशातून विचारणा झाली.

"तुमचंच हाय की ओ साहेब," मागच्या बाकावरून कुणीतरी सांगितलं.

चर्च हसलं. साहेब हसले नाहीत. "तिला वर आणा," ते म्हणाले, आणि तेही घुमलं.

पहिल्या बाकावरची लेक उठून गव्हाणीपाशी आली. बाळाच्या पोटावर तिनं हात ठेवला, पण त्याला उचललं नाही.

"पप्पा, ती लहान हाय. तिला जिना चढता येत न्हाय. तुम्ही खाली या."

सगळी मुंडकी सज्जाकडे वळली. माइक बंद करणं माझं काम होतं. मी तो बंद केला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज स्पीकरमधून आला. मग लाकडी जिन्याची पहिली पायरी. मग धाप. गुडघा कटकन वाजला, तोसुद्धा चर्चभर घुमला.

"आलो की. आलो, माझी बाय. रडू नगं."

साहेबी मराठी जिन्यातच कुठंतरी राहिली. सुटाबुटासकट ते गवतात बसले आणि त्यांनी नातीला छातीशी धरलं. ती गप्प झाली. ते मात्र रडत होते, आणि तेही स्पीकरवर ऐकू येत होतं. मग त्यांनी शेवटच्या बाकावरच्या जावयाकडे पाहिलं आणि दोन बोटं हलवली.

"या," ते म्हणाले, "इथं बसा." गवतात त्यांनी थोडी जागा केली.

देव माणूस का झाला यावर पाळकसाहेबांनी लांबलचक प्रवचन लिहून आणलं होतं. ते उभे राहिले, गवताकडे पाहिलं आणि कागद खिशात घातले. "आता वेगळं काय सांगू," म्हणाले आणि बसले. त्यांच्या प्रवचनांपैकी माझ्या लक्षात राहिलेलं हे एवढंच.

साहेब एकदम संत झाले असं समजू नका. कुरिअरवाल्याला शेवटपर्यंत "वर या"च होतं. पण रविवारी ते गडमुडशिंगीला जायला लागले. म्हशींपासून अंतर राखून खुर्ची टाकायचे, आणि नात रांगत गोठ्याकडे निघाली की खुर्ची सोडून तिच्यामागं धावायचे.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. नाताळ आला तसा आकाशवाणीचा प्रश्न निघाला. कमिटीत वर बसायला पुष्कळजण तयार होते. मी म्हटलं, साहेबांचाच आवाज माझ्याकडे आहे, त्या वर्षीचा, रेकॉर्ड केलेला. सज्जातली खुर्ची रिकामी राहिली.

आवाज घुमला. निवेदन त्या वर्षी जिथं तुटलं होतं तिथं आलं तसे अध्यक्ष मला बंद करायच्या खुणा करायला लागले. मी दुसरीकडे बघितलं. मागोमाग बाळाचं रडणं आलं, तो हशा आला, मग खुर्ची सरकली. पायऱ्या वाजायला लागल्या, एकेक करत, धापेसकट.

यंदा नात मेंढरू झाली होती, कापसाची शेपटी लावून. ती गवतातून उठली आणि सज्जाच्या जिन्याखाली जाऊन उभी राहिली.

"आलो की," स्पीकरमधून साहेब म्हणाले.

तिनं दोन्ही हात वर केले.