घरात चोरून कोण खात होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. आईजवळ नाही, मुलाजवळ नाही, दुकानात रोज चहाला येऊन बसणाऱ्या मित्रांजवळ तर नाहीच. बायकोजवळ – तिच्याजवळ बोलायला हवं होतं, सगळ्यांत आधी. तेच जमलं नाही. मराठीत लिहितोय, कारण घरात हीच भाषा. पण शाळा आमची हिंदीत झाली, दोन पानं मराठी लिहायची म्हणजे घाम फुटतो. आणि खरं सांगू? मुलाला मराठी नीट वाचता येत नाही, म्हणूनही मराठीत लिहीत असेन. माझा मलाच भरवसा नाही. पुढचं वाचाल तेव्हा तुमचाही राहणार नाही.

देवासला आमचं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. शैलजा, माझी बायको, माहेरची धारची. इथे एका शाळेत लहान मुलांना शिकवायची. लग्नात ती अंगाने भरलेली होती, नंतर वाढत गेली. गुडघे गेले, शुगर निघाली, जिना चढताना मधेच थांबून भिंतीला हात लावायची. मी उलट काटकुळा. कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही. रविवारी सकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून पोहे-जलेबी खायला जायचो, येताना कचोऱ्या बांधून आणायचो. लोक बघायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही. तिला वाटत होतं – हे मला ती ऑपरेशनचं बोलली तेव्हा कळलं. एवढी वर्षं मागच्या सीटवर बसून ती काय सोसत होती, मी विचारलंच नव्हतं.

वजन उतरवायचं ते ऑपरेशन इंदूरला झालं. पोटाचा मोठा भाग काढून टाकतात, उरतं ते एखाद्या केळ्याएवढं. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. घास नखाएवढा घ्यायचा, चावून चावून त्याचं पाणी करायचं, चमचा खाली ठेवायचा, थांबायचं, मग दुसरा घास. जेवताना पाणी प्यायचं नाही. बरेच महिने भूक लागणारच नाही कदाचित. आणि एका गोष्टीला सांभाळा, म्हणाले – येता-जाता तोंडात टाकत राहणं. सेव, चिप्स, बिस्किटं तोंडात विरघळतात, पोट भरल्याचं कळत नाही आणि गेलेलं वजन परत येतं. "आपके मालवा में तो सेव ही दुश्मन है," असं हसून म्हणाले. आई सोबत होती. बाकीचं ती विसरली, तेवढं वाक्य तिने धरून ठेवलं.

सुरुवातीला मला बायकोचं कौतुक होतं. मग हळूहळू – कसं सांगू? ती वाटीभर पातळ वरण घेऊन बसायची. चमचा तोंडात, नजर कुठेतरी समोर, जबडा हलतोय, हलतोय. माझं ताट रिकामं व्हायचं तरी तिची वाटी तशीच. मी भरभर जेवणारा माणूस. तिच्यासमोर मला माझ्याच जेवण्याचा आवाज ऐकू यायला लागला. भुरका मारला की वाटायचं, हिने ऐकलं. आणखी पोळी मागायची लाज वाटायला लागली. मग मी अर्धपोटी उठायला लागलो. "बस?" आई विचारायची. बस, म्हणायचो.

आणि संशय. तो आधी माझ्या मनात आला, आईच्या नाही – एवढं तरी नीट लिहितो. माणसाला भूकच लागत नाही, असं कसं होईल? जी बाई माझ्या बरोबरीने कचोऱ्या खायची, ती जलेबीचा नुसता वास घेते आणि हसते? मी मुद्दाम गरम जलेबी आणून तिच्यासमोर ठेवायचो आणि पेपराच्या आडून बघत राहायचो. ती हात लावायची नाही. मला वाटायचं, नाटक आहे. शाळेत खात असणार. ती अंघोळीला गेली की मी तिची पर्स उघडून बघितली. रुमाल हुंगला. काही सापडलं नाही. आणि न सापडल्याचा मला राग आला. का आला असेल? ती खरी निघाली म्हणून?

काही महिने वजन भराभर उतरलं, मग थांबलं. काटा हलेना. मधे असा एक मुक्काम येतो, घाबरायचं नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं. पण आईच्या डोक्यात ते एकच वाक्य. त्यात घरातली सेव कमी व्हायला लागली.

आमच्याकडे सेव म्हणजे मीठ तसं. वरणावर सेव, पोह्यावर सेव, काही नसलं तर नुसती सेव. ओट्याच्या वरच्या फळीवर तिचा मोठा स्टीलचा डबा. आई तो हलवून बघायला लागली. वरून हाताने सेव सपाट करून ठेवायची आणि संध्याकाळी झाकण उघडायची. शैलजा स्वयंपाकघरात शिरली की देवापुढे बसलेल्या आईची जपमाळ थांबायची. मी हे सगळं बघत होतो. शैलजाही बघत होती. मुलगा बाहेरगावी, घरात तीन माणसं आणि तिघंही एकमेकांच्या हालचालींकडे कान लावून – असं घर तुम्ही पाहिलंय कधी?

एका रविवारी जेवताना आईने तो डबा आणून शैलजाच्या वाटीशेजारी ठेवला. झाकण काढलं. तळाला नुसता चुरा होता.

"एवढा खर्च, एवढी चिरफाड," आई म्हणाली. "आणि जिभेवर ताबा नाही?"

"आई, मी नाही खाल्ली," शैलजा म्हणाली. आवाज अगदी साधा होता. मग तिने माझ्याकडे बघितलं.

मी काय म्हणालो ते सांगतो. त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलंय. मी म्हणालो, "असू दे आई. होतं माणसाचं एखादे वेळी."

मी तिला माफ केलं. सगळ्यांच्या देखत, मोठ्या मनाने.

सेव मी खात होतो.

रोज दुपारी. मी दुकान बंद करून घरी यायचो तेव्हा आई आत आडवी झालेली असायची, शैलजा शाळेत. जेवण अर्धवट झालेलं, पोटात आग. ओट्याशी उभा राहून मुठीने खायचो, भराभर, न चावता, एक कान आईच्या खोलीकडे. हात सदऱ्याला पुसायचो. पहिल्या दिवशी वाटलं, यात लपवण्यासारखं काय आहे? माझं घर, माझी सेव. पण लपवलं ते लपवलंच. मग आई डबा हलवायला लागली, आणि आता मीच म्हणून कसं सांगायचं? पन्नाशीचा माणूस, आईच्या मागे सेव चोरतो? आणि खरं म्हणजे सांगायची गरजच पडली नाही. मला कुणी विचारलंच नाही. माझ्या काडीसारख्या अंगाकडे बघून कुणाला शंका येणार? चोर आधीच ठरला होता. मला फक्त गप्प राहायचं होतं. मी तर गप्पसुद्धा राहिलो नाही.

त्यानंतर आईने डबा आपल्या कपाटात ठेवला. मी दुकानात पुडी ठेवायला लागलो. आणि शैलजाने खाणंच सोडलं. आधी सगळ्यांसमोर बसायची बंद झाली – मागून जेवते, म्हणायची. मग पनीर सोडलं, डाळीचं पाणीच तेवढं प्यायची. आपण काही खात नाही हे तिला काट्यावर दाखवायचं होतं. काटा पुन्हा हलला. केस गळून न्हाणीत गुंता साचायला लागला, आणि उलट्या सुरू झाल्या. घोट घेतला की उलटी. आई दाराबाहेरून म्हणायची, "चोरून खाल्लेलं निघतंय." मी पेपर वाचत असायचो. मला वाटायचं – ऐका हं – मला खरोखर वाटायला लागलं होतं की ही खात असेल. मी एवढी थोडीच खातो? एवढा डबा एकट्या माझ्याने कसा संपेल? थोडी हिनेही खाल्ली असेल. स्वतःची चोरी मी तिच्यात वाटून टाकली होती.

इंदूरला दाखवायला गेलो. तिने उलट्यांचं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, मधेमधे काही चालतं का तोंडात? ती नाही म्हणाली. ते माझ्याकडे वळले. नवऱ्याकडे वळतातच. तिथे दुसरं कुणी नव्हतं, आई नव्हती. खरं बोलायला कुणाची भीती होती?

"थोड़ा-बहुत," मी म्हणालो. "सेव-वेव."

डॉक्टर कागदावर काही तपासण्या लिहायला लागले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सवयींवर बोलायला लागले, बराच वेळ. उलटीच्या गोळ्या दिल्या.  गाडीत शैलजा खिडकीबाहेर बघत राहिली, देवासची टेकडी दिसेपर्यंत. मी रेडिओ लावला.

शाळेला सुट्टी लागल्यावर ती धारला गेली, तिच्या आईकडे. काही दिवसांनी तिच्या भावाचा, सुहासचा फोन आला. म्हणाला, जिजाजी, ताईला उभं राहता येत नाहीये, पाय कुठे आहेत ते कळत नाही म्हणते, एकाचे दोन दिसताहेत. मी गाडी काढली. रस्ताभर काय विचार केला असेल मी? तिचा नाही केला. तिकडे तिने काय सांगितलं असेल, याचा केला.

दारातच सासूबाई भेटल्या. आम्ही त्यांना माई म्हणतो. जुन्या वळणाच्या, जावयाशी मान वर करून बोलल्या नव्हत्या कधी. त्या दिवशी बोलल्या.

"जावईबापू, आल्या दिवसापासून माझ्यासमोर बसून जेवते. दोन चमचे जातात नि ओकून टाकते. तुमच्याकडे ही खात होती तरी काय?"

माझ्याकडे उत्तर होतं. मी म्हणालो, चला, आधी इंदूर गाठू.

इंदूरला तिला लगेच सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. बी-वन नावाचं जीवनसत्त्व अंगातून पार संपलंय, म्हणाले. खाणं नाही आणि सतत उलट्या, यानेच होतं हे. नसांवर परिणाम झालाय. आधी लक्षात यायला हवं होतं. ऑपरेशन करणारे डॉक्टरही आले, पलंगाशी उभे राहून पुन्हा सगळं विचारायला लागले. घरात नक्की काय खाणं चाललं होतं? सेवचं म्हणाला होतात ना तुम्ही? पलंगाच्या एका बाजूला माई, दुसऱ्या बाजूला मी. माईंची नजर माझ्यावर. मला वाटलं, यांना कळलंय. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं, आणि माझ्याआधी शैलजाच बोलली. डोळे मिटलेले होते.

"खाया होगा, डॉक्टर साहब. अब याद नहीं."

मी तोंड मिटलं.

ती बरी झाली. एकाचे दोन दिसणं थांबलं, चालायला लागली. डावं पाऊल तेवढं अजून बधिर आहे. चप्पल निसटते आणि तिला कळत नाही, दोन पावलं पुढे गेल्यावर मागे वळून बघते. शाळा तिने सोडली. लहान मुलांच्या मागे धावता येत नाही, म्हणाली. आई तिच्याशी नंतर फार चांगली वागली. "तिने कबूल केलं ना, झालं," असं येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची. गेल्या वर्षी आई गेली. हेच खरं मानून गेली.

तिला ठाऊक आहे का? हा प्रश्न रोज माझ्यासोबत जेवायला बसतो. ती ताट वाढते तेव्हा मी तिच्या हाताकडे बघतो. "अजून एक घ्या ना" म्हणाली की तिच्या आवाजात काही आहे का, ते चाचपतो. कधी वाटतं, पहिल्या दिवसापासून तिला ठाऊक आहे. मग बोलत का नाही? कधी वाटतं, तिने स्वतःलाच पटवून दिलंय. यातलं वाईट कुठलं, मला ठरवता येत नाही.

मागच्या हिवाळ्यात सरदारपूरला चुलतभावाच्या घरी लग्न होतं. भावाची सून, नेहा, शैलजाला शोधत आली. तिचंही तेच ऑपरेशन ठरलं होतं, तारीख मिळाली होती, घाबरलेली होती. शैलजाने तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. मी मागे ताट घेऊन उभा होतो. शैलजा तिला सगळं समजावत होती. घास केवढा घ्यायचा, चमचा कधी खाली ठेवायचा, भूक नसली तरी वेळेवर जेवायचं, उलट्या थांबत नसतील तर लगेच सांगायचं. मग तिने नेहाच्या हातावर हात ठेवला.

"आणि मी केलं ते तू करू नकोस," ती म्हणाली. "मी चोरून खायची घरात. सगळ्यांना फसवलं. मग भोगलं ना, बघतेस पाय."

तिने मागे वळून बघितलं नाही. मी मागे उभा आहे हे तिला ठाऊक होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. नेहाने मात्र वर माझ्याकडे बघितलं – असं झालं का काका, खरंच? अशा नजरेने.

मी मान हलवली. हो म्हणून.