नथ्याची माफी

एरंडोलच्या भिकन नानांनी आपल्या बोलक्या बाहुल्याचं नाव नथ्या ठेवलं, त्याला कारण होतं. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, आणि नानांचे ओठ हलले की धंदा बसलाच. म्हणून नथ्या 'म'ला 'न' म्हणायचा, 'प'ला 'त', 'फ'ला 'थ'. 'ताणी ताज' ऐकून शाळेतली पोरं लोळायची.

घरी म्हणाल, तर नाना गरीब गाय. "हिच्या हातचं तर कुत्रंही खात नाही," हे नथ्या म्हणायचा. माणसाचा पाणउतारा करायला ओठ लागतात कुठे? बायको, हेमलताबाई, चिडल्या की नाना हात वर करायचे. "मी कुठे काय बोललो?" वा रे पठ्ठ्या! पाहुणे पोट धरून हसायचे. बाई तेवढ्या हसत नसत.

मग गावच्या विक्रमने भुताचा सिनेमा काढला. बाहुला मालकाचं डोकं खातो, मालकाला वेड लागतं, अशी गोष्ट. नथ्याला मुख्य काम मिळालं. "नाना, बोलणं घरचंच द्या, खरं वाटंल," विक्रम म्हणाला. नानांनी हौसेनं दिलं.

पहिला खेळ धुळ्याला झाला. पडद्यावर नथ्या मालकाच्या बायकोकडे मान वळवून म्हणाला, "हिच्या हातचं तर कुत्रंही खात नाही." अख्खं थेटर गार पडलं. पुढच्या रांगेतली एक बाई देवाचं नाव घेऊ लागली. हेमलताबाईंनी आजूबाजूला पाहिलं. ज्या वाक्याला तीस वर्षं घरी आलेले पाहुणे हसले, त्याला परकी माणसं घाबरत होती.

घरी येताच त्यांनी पिशवी भरायला घेतली. फैजपूरला, भावाकडे.

"कधी येशील?" नानांनी विचारलं.

"यायचं कशाला?"

नानांची पाचावर धारण बसली. सवयीनं त्यांनी नथ्याला मांडीवर घेतलं.

"नाथ कर, हेना," नथ्या म्हणाला.

"हाऊ नाथ कोन शे?" बाईंनी वळूनही न पाहता अहिराणीत विचारलं.

नथ्याने पुन्हा जोर लावला. पुन्हा नाथच. बाई लुगड्याची घडी घालत राहिल्या.

नानांनी नथ्याला बाजूला ठेवलं. रिकामे हात कुठे ठेवावेत ते कळेना. खूप लाज वाटत होती.

"माफ कर, हेमा."

ओठ मिटले, उघडले. बाईंनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. पिशवी तशीच ठेवून त्या खाटेवर बसल्या.

"आते कशाबद्दल ते सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षापासून."