दोन रुपयांचा आक्षेप

निवडणुकीच्या कामाची ऑर्डर आली की आमच्या शाळेतल्या निम्म्या मास्तरांचा बीपी वाढतो. कुणाच्या घरी नेमकं त्याच दिवशी लग्न निघतं, कुणाची कंबर धरते. मला मात्र या कामाची हौस आहे आणि ती मी लपवत नाही. अहमदपूरच्या शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवते. वर्षभर माझ्या विषयाला कुणी विचारत नाही. पोरं त्या पुस्तकाला परीक्षेच्या आदल्या दिवशी हात लावतात. पण मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्ष म्हणून एका खोलीचा कारभार माझ्याकडे येतो. दाराशी उभा असलेला पोलीस मी बोलावल्याशिवाय आत येत नाही. उमेदवार आला तरी त्यानं नमस्कार करायचा, मतदारांशी एक शब्द न बोलता बघून जायचं. एरवी तो आमच्या गॅदरिंगला तासभर उशिरा येतो आणि आम्ही हार घेऊन ताटकळतो.

ही ऐट अर्थात माझी नाही, संविधानाची आहे. सत्ता कुणाला द्यायची हे ज्या दिवशी ठरतं, त्या दिवशी सत्तेवरच्यांनी बाजूला राहायचं आणि निवडणूक स्वतंत्र आयोगानं घ्यायची. सासूनंच स्वयंपाक करायचा आणि सासूनंच त्याला शंभर मार्क द्यायचे, असं ते लिहिणाऱ्यांनी होऊ दिलं नाही. दरवर्षी हा धडा शिकवताना मला त्या माणसांच्या हुशारीचं नव्यानं कौतुक वाटतं. वर्गात कुणाला वाटत नाही, तो भाग वेगळा.

गेल्या विधानसभेला मला रेणापूर तालुक्यातलं एक गाव मिळालं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली, भिंतीवर बाराखडी, खिडकीशी बाकावर पक्षांचे एजंट. दुपारी गर्दी जरा ओसरल्यावर साठीच्या पुढची एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात रोजगार हमीचं जॉब कार्ड. माझ्या शेजारच्या अधिकाऱ्यानं यादीतलं नाव मोठ्यानं वाचलं आणि बाकावरचा एक तरुण एजंट ताडकन उठला.

“मॅडम, आक्षेप हाय. यादीतली बाई मेली. ही तिची धाकली बहीण हाय. हिचं मत लातूरला हाय, आन् इथं बी टाकायलीय.”

खोलीत एकदम गलका झाला. दुसऱ्या पक्षाचा एजंट ओरडला, “न्हाई मॅडम, ही तीच हाय! मी वळखतो की.” दोघांनाही मी खाली बसवलं. माझा आवाज तीस वर्षं वर्गात तापलेला आहे, तो अशा वेळी कामी येतो.

गोष्ट अशी होती. दोन सख्ख्या बहिणी एकाच घरात दिलेल्या. थोरली थोरल्या भावाला, धाकटी धाकट्याला. धाकटं जोडपं पुढं कामासाठी लातूरला गेलं, थोरलं गावातच राहिलं. दोघींतली एक मध्यंतरी लातूरच्या दवाखान्यात वारली. कोणती, यावर आता वाद होता. तरुण एजंट पुण्याच्या एका कंपनीत कामाला, मतदानापुरता गावी आलेला. तो मुद्दाम बोलत होता की ऐकीव माहितीवर, हे मला आजही ठाऊक नाही. बहिणींचे चेहरे मिळतेजुळते होते म्हणे. यादीतला फोटो फार जुना होता, जॉब कार्डावरचा पार घासून गेला होता.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. आक्षेप घेणाऱ्यानं दोन रुपये भरायचे, मी पावती द्यायची आणि तिथल्या तिथं चौकशी करायची. आक्षेप खोटा ठरला तर ते दोन रुपये सरकारजमा. खरा ठरला तर समोरच्या माणसाला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. हे मी मोठ्यानं सांगितलं तेव्हा त्या बाईनं दाराकडं, पोलिसाकडं पाहिलं. एजंटनं दोन रुपये माझ्या टेबलावर ठेवले, मी पावती फाडली. सकाळपासून मी कार्यकारी मंडळ होतेच, आता न्यायमंडळही झाले. चुकले तर या वयात तिला बोगस मतदार म्हणून गाडीत बसवणार होते.

गावाला पोलीस पाटील नव्हता, जागा रिकामी होती. मतदारयादीचं काम बघणारी अंगणवाडीताई नवीन, परगावची. एक एजंट हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो; दोघांचंही धरता येईना. उरलं फक्त त्या बाईला विचारणं.

“मावशी, घाबरू नका. माहेर कोणतं?”

तिनं सांगितलं. आईबापांची नावं सांगितली. पण इथंच घोडं पेंड खात होतं: दोघींचं माहेर एक, आईबाप एक, सासरचा उंबराही एकच. वेगळा होता तो फक्त नवरा.

“घरी कोण कोण असतं?”

“मी एकलीच हाय, बाई. दीर लातूरला हमाली करतो.” आणि तिनं दिराचं नाव घेतलं, अंगणातून हाक मारावी तसं, मोकळं, खणखणीत.

“आणि मालक?”

“ते लई वर्सं झाले, गेले.”

“त्यांचं नाव काय?”

ती गप्प झाली. मी पुन्हा विचारलं. तिनं पदर ओठांवर घेतला आणि मान खाली घातली.

“बघा मॅडम,” एजंट म्हणाला, “नवऱ्याचं नाव बी येईना हिला. आता कामून थांबलाव? लिहा बोगस.”

खोलीतल्या पुरुषांनी माना डोलावल्या. माझ्या हाताखालचे अधिकारीसुद्धा माझ्याकडं ‘झालंच की आता’ असं पाहू लागले. आणि मला मात्र तेवढ्यात लख्ख उजाडलं. माझी लेक कॉलेजात गेली तरी मी अजून यांचं नाव तोंडानं घेत नाही. महिला दिनाला भाषण ठोकते, पण बँकेत कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की पेन मागते. बायकांना हे सांगावं लागत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. थोरल्या दिराचं, म्हणजे भायाचं, तेही घ्यायचं नाही. धाकट्या दिराला मात्र खुशाल नावानं हाक मारायची.

ही जर धाकटी बहीण असती, तर लातूरचा तो हमाल हिचा नवरा असता. त्याचं नाव हिच्या तोंडून असं सहज निघालंच नसतं. आणि खोटं मत टाकायला आलेली बाई यादीतल्या नवऱ्याचं नाव आधी पाठ करून आली असती, विचारायच्या आत सांगून मोकळी झाली असती. जे नाव हिला घेता येत नव्हतं, त्याचीच ही बायको होती.

मी हे सगळं त्या एजंटला समजावून सांगितलं. तो म्हणाला, “पण असं नियमात कुठं हाय?”

“चौकशी करा, एवढं नियमात आहे. कशी, ते माझ्यावर सोपवलंय. आणि आक्षेप तुमचा, तर पुरावा आधी तुम्ही द्यायचा. तुमच्याकडं आहे का काही?”

त्याच्याकडं काही नव्हतं. मी आक्षेप फेटाळला आणि त्याचे दोन रुपये सरकारजमा केले.

त्या क्षणी मला संविधानाचा जो अभिमान वाटला, तो पंधरा ऑगस्टच्या भाषणात मला कधी सांगता आलेला नाही. एका गावातली एकटी विधवा, एका पक्षाच्या एजंटशिवाय तिच्या बाजूनं उभं राहणारं कुणी नाही. तरी तिला विचारल्याशिवाय, तिचं ऐकल्याशिवाय कुणालाही तिला त्या दारातून परत लावता येत नव्हतं. आमदाराचं मत जेवढ्या वजनाचं तेवढंच तिचं. आणि ते मिळवायला तिला जन्मभर पाळलेली रीतही मोडावी लागली नाही. ती गप्प राहिली, आणि तिचं गप्प राहणंसुद्धा आम्हाला ऐकून घ्यावं लागलं. माझे डोळे भरून आले होते. मी चष्मा पुसत असल्याचं नाटक केलं.

तिनं अंगठा उठवला, बोटाला शाई लावून घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली. बराच वेळ काही होईना. मग मशीनचा लांब आवाज आला.

बाहेर जाता जाता ती एजंटच्या बाकापाशी थांबली. मला वाटलं, आता शिव्याशाप देणार, आणि मी अडवायला उठलेही. पण तिचा आवाज अगदी खाली होता.

“बाबा, तू म्हनलास तसंच झालं असतं, तर लई बरं झालं असतं. धाकली माझ्या कडेवर वाढली. मला ने, तिला ठिव, म्हनून देवापुढं बसले होते मी.” तिनं शाईचं बोट पदराला लागू नये म्हणून लांब धरलं होतं. “ती जिती राहिली असती आन् माझ्या नावानं मत टाकून गेली असती, तर मी काय बी म्हनले नसते.”