केरबाचा गोल

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्यापाशी बाकी सगळं बोलून झालं, पण हे नाही. जिभेवर यायचं — आणि मी उगाच पाणी मागायचो. आज तुम्ही बसलाच आहात, तर ऐका. मध्येच थांबलो तर थांबू द्या.

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण निजामाच्या राज्यात आमच्या बीडमध्ये फुटबॉलचं वेड होतं. पोलिसांच्या कवायतीच्या मैदानावर दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सामना व्हायचा. एका बाजूला पोलीस, दुसऱ्या बाजूला गावातली पोरं. जाळी नाही, गवत नाही. दोन्ही टोकांना दोन-दोन बांबू रोवलेले, झालं. सावलीला एकच कडुलिंब, तोही लांब. उन्हाळ्यात जमीन अशी तापायची की आम्ही या पायावरून त्या पायावर नाचत सामना बघायचो. डोक्यावरचा ओला पंचा बघता बघता वाळून कडक व्हायचा. पावसाळ्यात काळा चिखल पोटरीपर्यंत चढायचा, चेंडू रुतून बसायचा, आणि आम्ही पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन ओरडत उभे. लोक मला बघून म्हणायचे, वाण्याच्या शिवाला याड लागलंय.

लागलंच होतं. पण ते फुटबॉलचं होतं का?

मी केरबासाठी जायचो. केरबा जवळच्या पाली गावचा, शेतकऱ्याचा मुलगा, माझ्याच वयाचा. सकाळी शेतातलं काम उरकून पायी यायचा, अनवाणीच खेळायचा. त्याच्या पायाशी चेंडू आला की मला — कसं सांगू? दिवसभर मिरची, गूळ, मीठ, तराजू, गिऱ्हाइकांची घासाघीस. आणि मग तो एक तास. तो पळायला लागला की माझ्या छातीत काहीतरी मोकळं व्हायचं. मला स्वतःला चेंडूला नीट लाथही मारता येत नव्हती. तो खेळायचा, तेवढं मला पुरत होतं. शनिवारपासून मी पुढच्या शुक्रवारकडे डोळे लावून बसायचो. सामना संपला की त्याला पोचवायला बिंदुसरा नदीच्या काठाकाठाने गावाबाहेरपर्यंत जायचो. तो बोलायचा, मी ऐकायचो.

तिथेच एकदा त्याने सांगितलं. हैद्राबादहून कोणी साहेब येणार होता, तिकडच्या संघासाठी इथला एक गडी निवडायला. नोकरी मिळणार होती, पायात बूट मिळणार होते. केरबा नदीकडे बघत म्हणाला, "मला जायाचं हाय, शिवा. लई जायाचं हाय. रातीला झोप न्हाई मला."

मी म्हणालो, "जाशील की."

म्हणालो खरा. पण घरी आलो आणि ताट तसंच बाजूला सारलं. हा गेला म्हणजे? मैदान राहील, बांबू राहतील, पोलीस राहतील. मी तिथे जाऊन कोणाकडे बघू? हैद्राबादला हजारो लोक त्याला बघतील, त्याचं नाव घेऊन ओरडतील — त्यांच्यातल्या एकाला तरी ठाऊक असेल का, की तो हसला की आधी खाली बघतो? असले विचार. तेव्हा मला त्यांची लाजही वाटली नाही.

साहेब आला तो शुक्रवार होळीच्या आधीचा. शेतात ज्वारी उभी होती. दुपारपर्यंत असा उकाडा, की कोणी बोलेना. सामना सुरू झाला आणि पश्चिमेकडून आभाळ शाईसारखं चढत आलं. मी पोलिसांच्या बांबूंच्या मागे उभा होतो, कारण केरबा त्या बाजूला मारणार होता. दोन्हीकडचे गोल सारखे झालेले. साहेबाच्या मनात दोन नावं होती, केरबा आणि पोलिसांतला एक शिपाई. हे सगळ्या मैदानाला माहीत होतं.

मग गारा आल्या. आधी एक-दोन, टपकन; मग लिंबाएवढ्या. लोक पोलिसांच्या तबेल्याच्या ओसरीकडे पळाले, साहेबाची छत्री फाटली, तोही पळाला. पोलिसांचे गडी हातांनी डोकी झाकून पळाले. मी बसायला आणलेलं पोतं डोक्यावर धरून तिथेच राहिलो. खांद्यावर मार बसत होता. समोर पांढरा पडदा, आणि त्यातून केरबा येत होता. एकटा. कपाळावरून रक्त ओघळत होतं, तरी चेंडू पायाशी. त्याने मारला — आणि त्याच्यानंतर पंचाची, म्हणजे जमादाराची, खेळ थांबवायची शिट्टी वाजली. आधी नाही, नंतर.

एवढं सुंदर मी पुन्हा काही पाहिलं नाही.

ओसरीत सगळे थरथरत उभे. केरबा म्हणत होता, गोल झाला. पोलीस म्हणत होते, नाही झाला. कोणी पाहिलंच नव्हतं. साहेब म्हणाला, गोल झाला असेल तर हा मुलगा माझ्याबरोबर येईल. जमादार माझ्याकडे वळला, "क्यूं बे, तू वहीं खडा था ना? अंदर गया क्या?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. केरबा तर हसतच होता. मी होतो ना तिथे — त्याला काळजी कसली?

मी म्हणालो, "बाहेरून गेला. वीतभर."

सांगितलं. इतक्या वर्षांनी सांगितलं. चेंडू दोन्ही बांबूंच्या मधून गेला होता, माझ्या पायाशी येऊन थांबला होता. मी तो उचलून कडेला टाकला होता. तो टाकतानाच माझं ठरलं होतं का? ठरलं असावं.

केरबा चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. त्याने कपाळाला धोतराचा सोगा लावला. मग म्हणाला, "मला आतून गेल्यावानी वाटलं. पर तू तितं हुतास. तू म्हंतोस मंजी बाहेरूनच गेला असंल."

स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याने मला खरं मानलं.

साहेब शिपायाला घेऊन गेला. केरबा पालीला गेला, तर ज्वारी सगळी आडवी झाली होती. त्यानंतर तो दोनदा-तीनदा खेळायला आला. बांबूंसमोर आला की थबकायचा, नेम पुन्हा पुन्हा जोखायचा, आणि तेवढ्यात कोणीतरी चेंडू काढून न्यायचं. मग यायचाच बंद झाला. मी उन्हात, चिखलात जात राहिलो. एकदा तर मुसळधार पावसात खेळायलाही कोणी आलं नाही, तरी मी पोतं घेऊन उभा. पालीच्या वाटेकडे बघत.

तो गेला नाही. मला हवं होतं तसंच झालं. इथेच राहिला, माझ्यापासून थोड्या कोसांवर. आणि मला पुन्हा कधी दिसला नाही — तो, गारांच्या पडद्यातून येणारा.

बाजाराच्या दिवशी मात्र दुकानात येतो. केस पांढरे झाले त्याचे. परवा नातवाला घेऊन आला होता. पोराच्या हातात चिंध्यांचा चेंडू होता. केरबा हसत म्हणाला, "शिवा, सांग रं ह्याला, आज्याचा गोल कितीनं हुकला!"

पोरगं माझ्या तोंडाकडे बघत होतं.

"वीतभर," मी म्हणालो. आणि मीठ बांधून दिलं.