काना म्हणजे पाऊण

आमच्या मुलीसाठी नागपूरचं स्थळ आलं, त्या वर्षी बालाघाटात इंटरनेटची तीन दुकानं होती. नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील. त्याआधी दोन स्थळं आली होती आणि दोन्ही मुलीनेच नाकारली होती. या तिसऱ्या मुलाशी ती गोंदियाला एका लग्नात दहा-बारा मिनिटं बोलली. परत येताना बसमध्ये तिच्या आईने विचारलं तेव्हा ती "हौ" म्हणाली. एवढंच म्हणाली, पण आमच्या घरात तेही पहिल्यांदाच म्हटलं गेलं होतं.

त्याच लग्नात मी एक चूक करून ठेवली होती. आमची मुलगी सरबतवाल्याशी हिंदीत बोलली. ते ऐकून मुलाचे वडील मला म्हणाले, "काय साहेब, मराठी फक्त आरतीपुरती ठेवली का तुमच्या मध्यप्रदेशात?" भोवतीचे सगळे हसले, मीही हसलो. मग मी म्हटलं की आमच्याकडे सगळा व्यवहार मराठीतच होतो, पुढचं काय ते आपण मराठीतच लिहून कळवा, ई-मेलने पाठवलं तरी चालेल. ई-मेलचा पत्ता मुलीने पंधरा दिवसांपूर्वीच उघडून दिला होता आणि त्यावर तोवर काहीही आलेलं नव्हतं.

सोमवारी पत्र आलं. बसस्टँडजवळच्या दुकानात, खाली लांजीच्या बसचा कंडक्टर ओरडत असताना, मी आणि मुलीने ते उघडलं. पडद्यावर मराठीचं एकही अक्षर नव्हतं. टोपी घातलेला इंग्रजी ए, त्यानंतर एक गोल चिन्ह, मग काहीतरी तिसरं, पुन्हा टोपीवाला ए. असं चार पानं. (ती टोपी नसून तिरपी मात्रा होती, हे मला दुसऱ्या दिवशी भिंग लावल्यावर कळलं.)

दुकानदार तिशीतला, जवळच्या लामता गावचा माणूस. त्याने ब्राउझरच्या मेनूत एन्कोडिंग नावाची यादी दाखवली. अक्षरं बिघडली की यातलं काहीतरी बदलायचं, कधीकधी सुधारतं, असं त्याचं म्हणणं होतं. यादीत बत्तीस नावं होती. मी वहीत तीन रकाने आखले: क्रमांक, नाव, निष्पत्ती. आणि क्रमाने सुरुवात केली. अरबी निवडल्यावर अरबी दिसलं. चिनीत पत्र फार सुबक दिसलं, पण चिनी दिसलं. कोरियन, थाई, तुर्की, सगळं झालं. युनिकोड शेवटाकडे होतं. ते निवडलं आणि सगळी चिन्हं जाऊन चौकोनी खोके आले, रिकामे, ओळीने. निष्पत्तीच्या रकान्यात मी 'खोके' लिहिलं. दुकानदार म्हणाला की हे तर आणखी बिघडलं. आम्ही तिघांनीही ते मान्य केलं.

"अंकल, नागपूर फोन लगा लो," तो म्हणाला. "बोलो, पढ़ने में नहीं आ रहा."

घरी मुलीच्या आईचंही तेच म्हणणं पडलं. "फोन काहून नाई करत तुम्ही?"

मी फोन करून काय सांगणार होतो? मराठीत लिहा असं मीच म्हटलं, तुम्ही मराठीत लिहिलं, आणि आम्हाला ते वाचता येत नाही? आरतीपुरती म्हणणाऱ्या माणसाला? मी म्हटलं, जरा थांबा. दुकानातून मी पत्राच्या दोन छापील प्रती आणल्या होत्या, एक चिन्हांची आणि एक खोक्यांची. खोक्यांची कशाला, असं दुकानदाराने विचारलं होतं. निष्पत्ती असेल तर कागद असावा, एवढंच मला माहीत होतं.

जिल्हा कचेरीत माझं टेबल आकडेवारीचं. मंगळवारी संध्याकाळी मी दोन्ही प्रती शेजारी ठेवून मोजायला बसलो. पहिल्या ओळीतल्या एका शब्दात खोके सात होते आणि चिन्हं एकवीस. पुढच्या एका शब्दात खोके चार, चिन्हं बारा. म्हणजे एका खोक्यामागे तीन चिन्हं. त्यातली पहिली दोन जवळजवळ सगळीकडे सारखीच. बदलत होतं ते तिसरं. अक्षर काय ते तिसऱ्या चिन्हात होतं, पहिली दोन सोबतीला आली होती.

सात खोक्यांच्या शब्दात दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या खोक्याचं तिसरं चिन्ह एकच होतं: पाऊण. आपण तीन भागिले चार लिहितो तो पाऊण. पत्राच्या पहिल्या ओळीत सात खुणांचा शब्द, एकाआड एक तीच खूण. मी मुलीला हाक मारली आणि बालाघाट हा शब्द सुटा सुटा करून लिहायला सांगितलं. तिने लिहिलं: ब, काना, ल, काना, घ, काना, ट. सात.

तर काना म्हणजे पाऊण. ल म्हणजे वर्गाचा छोटा दोन. पुढे त्यांच्या गावाच्या नावातून आणि माझ्या आडनावातून आणखी अक्षरं मिळाली. र म्हणजे तापमानाच्या अंशाचं चिन्ह, ण म्हणजे पौंड. जोडाक्षरात पाय मोडायच्या जागी तिसरं चिन्ह येतच नव्हतं; ते पडलेलं असायचं असं धरून चाललो, आणि ते बरोबर निघालं. मुलगी चिन्हं वाचायची, मी तक्त्यात पाहून अक्षर लिहायचो. अंश, पाऊण, पौंड, पाऊण. तिच्या आईने स्वयंपाकघरातून विचारलं की हे लग्नाचं चाललंय की वाण्याचं.

मंगळवारी चार ओळी झाल्या. त्यात नमस्कार, प्रकृती आणि गोंदियाच्या लग्नातली व्यवस्था एवढं होतं. बुधवारी त्यांच्या घराण्याची माहिती झाली. गुरुवारी सातच्या सुमारास दुसऱ्या पानाच्या मध्यावर हे वाक्य निघालं: लहानपणी आलेल्या तापामुळे चिरंजीवांना एका कानाने ऐकू येत नाही, हे आपणांस आधी सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

मी लिहिलेलं पुन्हा तपासलं. कान या शब्दात शंकेला जागा नव्हती. क, पाऊण, न. तिच्या आईने कणकेचा हात पदराला पुसला आणि पुन्हा कणकेत घातला. मुलीने कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"त्यानं खुर्ची बदललती," ती म्हणाली. "मी बोलत होतो अन् तो मधातच उठला न दुसरीकडून येऊन बसला. मले वाटलं, पंख्यासाठी."

माझी मुलगी घरात 'मी बोलत होतो' असंच म्हणते. शेजारच्या चार भावांत वाढली. आम्ही ते कधी दुरुस्त केलं नाही.

मग ती म्हणाली, "बाबा, आता शेवटचं पान काढा न. कामाचं शेवटीच असते."

मी म्हटलं, पत्र वरून खाली वाचायचं असतं. कचेरीत अर्धी फाईल वाचून शेरा मारणारे मी पाहिले होते आणि त्यांचं पुढे काय झालं तेही. पूर्ण पत्र वाचल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिने पुढची ओळ वाचायला घेतली. अंश, पाऊण.

शुक्रवारी तिसरं पान झालं आणि चौथ्याच्या सहा ओळी उरल्या. डोळे दुखत होते, जेवणाची वेळ झाली होती. सहा ओळी उद्या, असं म्हणून मी वही मिटली.

शनिवारी सकाळी त्या सहा ओळी केल्या. शेवटच्या दोन अशा होत्या: तरी आपला विचार शुक्रवारपर्यंत कळवावा. काही न कळवल्यास आम्ही समजून घेऊ, त्याबद्दल मनात काही ठेवणार नाही.

मुलीने तो कागद माझ्या हातातून घेतला, वाचला, आणि माझ्यासमोर ठेवला. मी वरून खाली वाचतात असं म्हटल्याची आठवण तिने करून दिली नाही. ती उठून फोनजवळ गेली आणि रिसीव्हर उचलून माझ्याकडे धरून उभी राहिली.

फोन तिकडून वडिलांनीच उचलला. मी नमस्कार करून सगळं सांगितलं: दुकान, बत्तीस प्रकार, खोके, तक्ता, पाच दिवस, सहा ओळी. वाचता आलं नाही, असं स्पष्ट म्हटलं.

"आम्ही काल रात्री जेवताना विषय मिटवून टाकला," ते म्हणाले. "समजलो, कान आडवा आला."

मी म्हटलं, कान नाही आला, अक्षरं आडवी आली.

"पोरानं स्वतः टाइप केलं ते. तुम्ही मराठीत मागितलं म्हणून शिकला. चार दिवस लागले त्याले." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मुलगी काय म्हणते?"

मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "विचारा, मी कोणत्या बाजूले बसू."

मी विचारलं. उत्तर यायला वेळ लागला. ते कुणाला तरी हाक मारून खात्री करून घेत असावेत, किंवा नसावेत.

"उजव्या," ते म्हणाले. "डावा कान नाही त्याचा."

पुढच्या महिन्यात मुलगा बालाघाटला आला तेव्हा मी त्याला त्या दुकानात नेलं. त्याने एक मराठी फॉन्ट घालून दिला आणि तेच युनिकोड पुन्हा निवडलं. खोक्यांच्या जागी पत्र उभं राहिलं, अर्ध्या मिनिटात. दुकानदार म्हणाला की फोन केला असता तर इतकंही लागलं नसतं. मी माझी वही काढून ताडून पाहिली. तीनशे अकरा शब्दांत सात चुका होत्या. मुलाने सातही पाहिल्या आणि म्हणाला की त्यातल्या दोन त्याच्याच आहेत.

लग्नात जिथे बायकोने डावीकडे बसायचं असतं तिथे ती डावीकडे बसली. भटजींना आम्ही काही सांगितलं नव्हतं. विधी आटोपल्यावर ती उठली, मागून फिरून उजवीकडे येऊन बसली आणि त्याला काहीतरी म्हणाली. तो हसला. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी डावीकडे होतो.