सांगावा

मंगळवार पेठेतल्या त्वचेच्या दवाखान्यात एक आजी माझ्या शेजारी बसल्या होत्या. गुऱ्हाळात उकळता रस उडून त्यांचा गाल भाजला होता. तो व्रण त्यांनी पदरानं असा घट्ट धरून झाकला होता, की चहासुद्धा एका हातानं, एका बाजूनंच पीत होत्या.

"पावणं, तुमच्या तोंडावर तर नुसता वांगाचा डाग हाय. तेवढ्यापायी बायकू घरातनं हाकलत न्हाय," त्यांनी मला मोठ्यानं सुनावलं. सगळे हसले.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन आम्हाला एक्सोसोमचा नवा उपचार समजावू लागल्या. पेशी एकमेकींना बारीक पुड्यांतून निरोप पाठवतात; त्या पुड्या म्हणजे एक्सोसोम. तसे निरोप त्वचेत सोडले, तर ती स्वतःच्या दुरुस्तीला लागू शकते.

"म्हंजे सांगावा धाडायचा की!" आजी खुलल्या. "पर त्यो पोचला का न्हाय, कसं कळायचं?"

"थोडे महिने वाट बघायची. खात्री नाही देत, आजी. संशोधन अजून चालू आहे."

"म्हायेराला धाडलेल्या सांगाव्याचं बी असंच हुतं. पोचला तर भाऊ दारात, न्हाय पोचला तर आपुन दारात."

हे सांगताना त्यांनी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून दाखवली. पदर गालावरून घसरला. त्यांना कळलं नाही. मीही सांगितलं नाही.